परदेशी गुलमोहर आणि आमचे पेव्हर ब्लॉक

परवाच्या रविवारी आमच्या सोसायटीची मीटिंग होती. अजेंड्यावर तीन विषय. पाण्याच्या टाकीची सफाई, लिफ्टचं मेंटेनन्स कॉन्ट्रॅक्ट आणि "आवारातील धोकादायक वृक्षाबाबत निर्णय घेणे". पहिले दोन विषय दहा मिनिटांत आटोपले (टाकी दरवर्षी साफ होते आणि लिफ्ट दरवर्षी बंद पडते, त्यात बोलण्यासारखं काय?). तिसऱ्यावर मात्र दीड तास गेला.

धोकादायक वृक्ष म्हणजे आमच्या गेटाजवळचा गुलमोहर. इमारत १९८६ ची, आणि झाडही साधारण तेव्हाचंच. पहिल्या रहिवाशांपैकी कुणीतरी लावलं म्हणतात. आज त्याचा घेर एवढा आहे की खाली सहा गाड्या आणि एक इस्त्रीवाला आरामात मावतात. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात वळवाचा पाऊस आला, सोसाट्याचा वारा सुटला आणि एक चांगली मांडीएवढी जाड फांदी तळमजल्यावरच्या काकांच्या गाडीवर आली. कुणाला लागलं नाही. गाडीची काच गेली आणि टप चेपलं.

काका चिडले होते आणि त्यांचं चिडणं योग्यच होतं. दुसरं म्हणजे माझी सातवीतली लेक शाळेच्या व्हॅनची वाट बघत रोज सकाळी त्याच झाडाखाली उभी असते. त्यामुळे "झाडांवर प्रेम करा" छापाचं भाषण ठोकायला माझीही जीभ रेटत नव्हती. पण मग चर्चेला एक वेगळंच वळण लागलं. मागच्या रांगेतून आवाज आला, "आणि तसंही ते झाड फॉरिनचं आहे हो. आपल्या मातीतलं नाहीच. त्यावर पक्षीसुद्धा बसत नाहीत. हल्ली पर्यावरणवालेच सांगतात, विदेशी झाडं नकोत म्हणून."

झालं! इतका वेळ जी मंडळी गप्प होती त्यांना एकदम हायसं वाटलं. झाड तोडायचं म्हणजे जरा अपराधी वाटतं ना, पण परदेशी झाड तोडायचं म्हणजे जवळजवळ देशसेवाच. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली, खोटं कशाला बोलू? नशीब, कोरम पुरा नव्हता म्हणून निर्णय दोन आठवड्यांनी घ्यायचं ठरलं.

घरी आल्यावर मात्र ती डोलावलेली मान टोचायला लागली. आमच्या धंद्यात एक शिस्त असते. सिस्टिम कोसळली की आधी कोसळण्याचं मूळ कारण शोधायचं आणि मग उपाय ठरवायचा. "हा कोड आपल्या टीमने लिहिलेला नाही, बाहेरून आलाय, उडवून टाका" असं कुणी म्हणालं तर मी त्याला मीटिंगमधून बाहेर काढेन. मग झाडाच्या बाबतीत मी मान का डोलावली?

म्हणून या शनिवारी सकाळी चहाचा कप घेऊन खाली गेलो. लेकही आली. बहर संपत आलाय, पण फुलांचा सडा अजून पडतोय. आम्ही दोघांनी कट्ट्यावर बसून एक फूल सुटं केलं.

गुलमोहराचं फूल आपण लांबून बघतो, जवळून क्वचितच बघतो. हाताच्या तळव्याएवढं तरी मोठं असतं ते. पाच जाड निदलं, बाहेरून हिरवी आणि आतून लाल. आत पाच पाकळ्या. त्यातल्या चार लालभडक, आणि पाचवी मात्र वेगळी. ती पांढुरकी-पिवळसर, त्यावर लाल ठिपके आणि रेघा. पाचही पाकळ्या तळाशी एकदम अरुंद होतात, पळीला दांडा असतो तशा. त्या वेगळ्या पाकळीचा दांडा गुंडाळल्यासारखा असतो आणि मधाची वाट तिथून जाते. म्हणजे ते ठिपके ही शोभा नाही, ती पाटी आहे. "दुकान इकडे आहे" अशी. आणि मध्यभागी दहा लांब पुंकेसर, टोकाला परागकोश.

लेकीला मी पुंकेसरांची झुंज शिकवली. दोघांनी एकेक पुंकेसर घ्यायचा, डोकी एकमेकांत अडकवायची आणि ओढायचं. ज्याचं डोकं तुटलं तो हरला. आमच्या लहानपणी याला कोंबड्यांची झुंज म्हणायचे. निदलं सोलून नखांवर चिकटवायची आणि राक्षसीण व्हायचं, हे तिला तिच्या आजीने आधीच शिकवलेलं निघालं. ती ठिपक्यांची पाकळी आंबट लागते म्हणून आम्ही खायचोसुद्धा. (लेकीने नकार दिला. हल्लीची मुलं!)

गंमत म्हणजे या झाडाच्या शास्त्रीय नावातही नखच आहे. डेलॉनिक्स रेजिया. ग्रीक भाषेत 'डेलॉस' म्हणजे स्पष्ट दिसणारं आणि 'ऑनिक्स' म्हणजे नख. पाकळीच्या त्या अरुंद दांड्याला वनस्पतिशास्त्रात नख म्हणतात, त्यावरून हे नाव. रेजिया म्हणजे राजेशाही. नाव ठेवणाऱ्यांनीही पहिल्यांदा नखच बघितलं आणि आमच्या आईनेही. फरक एवढाच की तिने ते बोटावर लावून बघितलं.

पान उचललं. आपण ज्याला गुलमोहराचं पान म्हणतो ती खरं तर एक छोटीशी पर्णिका असते. अख्खं पान म्हणजे हातभर लांब पिसासारखी ती सगळी रचना. मधल्या दांड्याला दोन्ही बाजूंनी फांद्या फुटतात आणि त्या प्रत्येक फांदीवर पुन्हा जोड्याजोड्यांनी पर्णिका. एका मोठ्या पानात हजाराहून जास्त पर्णिका भरतात. म्हणून सावली जाळीदार पडते. आणि म्हणूनच पानगळीत आमच्या झाडूवाल्या मावशी वैतागतात, कारण तो कचरा झाडूत येत नाही आणि फरशीच्या फटींत जाऊन बसतो. मीटिंगमध्ये तोही मुद्दा निघाला होता.

शेंगा तर सगळ्यांना माहीत आहेत. फूट-दीड फुटाच्या, कधी दोन फुटांच्या, चपट्या, काळपट, लाकडासारख्या टणक. सुट्टीत आमच्या तलवारी याच असायच्या. आतलं बी दगडासारखं असतं. त्याचं कवच पाणी आत जाऊ देत नाही. ते घासलं, खरवडलं किंवा गरम पाण्यात भिजवलं तरच लवकर उगवतं. नाहीतर पडून राहतं, पाऊसपाण्याचा भरवसा वाटेपर्यंत.

हे सगळं वागणं कुठून आलं? मादागास्करहून. गुलमोहर मूळचा तिथला, त्या बेटाच्या पश्चिम आणि उत्तर भागातल्या कोरड्या पानझडी जंगलांतला. तिथे पाऊस काही महिने पडतो आणि मग दीर्घ कोरडा काळ. तेव्हा पानं गाळून पाणी वाचवायचं, उन्हाळ्याच्या शेवटी पानांच्या आधी किंवा पानांबरोबर फुलून घ्यायचं, आणि बी असं बनवायचं की ते चुकीच्या वेळी उगवणार नाही. आता सांगा, हे वर्णन मादागास्करचं आहे की आपल्या दख्खनच्या पठाराचं? गुलमोहर इथे रमला तो उगीच नाही. त्याला इथलं कॅलेंडर ओळखीचं वाटलं.

त्याच्या नावाचा आणि प्रवासाचा इतिहासही भारी आहे. युरोपियन वनस्पतिशास्त्रज्ञांना हे झाड माहीत झालं ते १८२० च्या दशकात, वेन्झेल बोयर या बोहेमियाच्या माणसामुळे. त्याने ते मादागास्करला बघितलं आणि मॉरिशसला आणलं. १८२९ साली त्याचं वर्णन छापून आलं, 'पॉइन्सियाना रेजिया' या नावाने. पॉइन्सियाना हे नाव कॅरिबियन बेटांवरच्या प्वांसी नावाच्या फ्रेंच गव्हर्नरवरून आलेलं. तो बिचारा १६६० साली वारला. त्याचं नाव आधी दिलं होतं आपल्या बागेतल्या शंकासुराला, आणि शंकासुराचा भाऊबंद समजून ते गुलमोहराला चिकटलं. पुढे झाडाचं घराणं बदललं, पण इंग्रजीत लोक अजूनही त्याला पॉइन्सियाना म्हणतात. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये व्हेरिएबलची नावं अशीच राहून जातात, का ते कुणालाच आठवत नाही :)

आणखी एक गोष्ट. हे झाड जगभरच्या बागांतून आणि रस्त्यांवरून पोहोचलं, तरी ते रानात आपोआप कुठे वाढतं हे शास्त्रज्ञांना कळायला १९३० चं दशक उजाडावं लागलं. शंभर वर्षं सगळं जग ज्याला ओळखत होतं त्याचं घर कुणी पाहिलं नव्हतं! आणि आज त्या घराची अवस्था काय आहे? कोळशासाठी आणि शेतीसाठी मादागास्करची ती कोरडी जंगलं तुटताहेत. पाहुणा जगभर सुखात आहे आणि त्याच्या गावाकडचं घर मात्र पडायला आलंय.

भारतात तो १९ व्या शतकात आला आणि रस्त्यांच्या कडेने लावला गेला. कारण सरळ होतं. भराभर वाढतो, दहा-पंधरा मीटर उंच होतो आणि उंचीपेक्षा जास्त पसरतो. छत्रीसारखा. बाकी लोकांनी त्याला आपापली नावं दिली. बंगालमध्ये तो कृष्णचूडा झाला. आपल्याकडे तर साताऱ्यात १ मे रोजी 'गुलमोहर दिन' साजरा करतात. त्याच दिवशी महाराष्ट्र दिन असतो आणि त्याच सुमारास आपलं राज्यपुष्प ताम्हणही फुलतं. एका दिवसात घरचा आणि पाहुणा दोघांचं कौतुक. मला तरी यात काही विसंगत वाटत नाही.

आता येऊ त्या 'फॉरिनचं झाड' मुद्द्यावर.

ज्या काकूंनी मीटिंगमध्ये सर्वांत जोरात मान डोलावली त्यांच्याकडे पुढच्याच एकादशीला मी साबुदाण्याची खिचडी खाल्ली. अप्रतिम होती. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो दक्षिण अमेरिकेतला. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला. बटाटा तिथलाच. हिरवी मिरचीसुद्धा अमेरिका खंडातलीच. म्हणजे आपल्या सगळ्यांत सोवळ्या पदार्थातलं बहुतेक सामान समुद्र ओलांडून आलेलं. दसऱ्याला दाराला लावतो तो झेंडू मेक्सिकोकडचा. देवळाच्या आवारातला देवचाफा अमेरिकेतला. यांना कुणी परत जा म्हणत नाही.

मी स्वतः सात वर्षं न्यू जर्सीत काढली आहेत. तिकडच्या सरकारी कागदांवर आम्हाला 'एलियन' म्हणायचे. कर भरा, घरं भाड्याने घ्या, बर्फ उपसा, पण कागदावर एलियन. तेव्हा "हा इथला नाही" हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात जरा खड्डा पडतो. हा काही शास्त्रीय मुद्दा नाही, मला कळतं. पण चाळीस वर्षं एकाच जागी उभं राहून सावली देणाऱ्याला अजून किती वर्षं 'पाहुणा' म्हणायचं?

अर्थात, नुसत्या भावनेवर वाद जिंकायचा नाही. पर्यावरणाच्या अभ्यासकांचं म्हणणं खरंच आहे आणि ते नीट समजून घ्यायला हवं. बाहेरून आलेली काही झाडं-झुडपं इथे येऊन दांडगाई करतात. घाणेरी बघा. शोभेची म्हणून आली आणि आज आपल्या जंगलांत मैलोन् मैल पसरली आहे, खाली दुसरं काही उगवू देत नाही. सुबाभूळ बघा. १९७० आणि ८० च्या दशकांत वनीकरणासाठी तिचा केवढा उदो उदो झाला होता, आज ती कुठेही उगवते आणि हटत नाही. अशांना आवरायलाच हवं. पण गुलमोहर आपल्याकडे असा रानात घुसून बाकीच्यांना हुसकावताना दिसत नाही. जिथे लावला तिथे उभा राहतो. 'परदेशी' आणि 'आक्रमक' हे दोन वेगळे शब्द आहेत आणि आपण ते एकाच अर्थाने वापरतो, तिथेच गडबड होते.

दुसरा मुद्दा पक्ष्यांचा. पळस, पांगारा, काटेसावर फुलले की त्यांच्यावर पक्ष्यांची जी जत्रा भरते तशी गुलमोहरावर भरत नाही, हे मान्य. हजारो वर्षांच्या शेजारातून जुळलेली नाती ती, दीड-दोनशे वर्षांत कशी जुळणार? पण "पक्षीसुद्धा बसत नाहीत" हे मात्र चूक. त्या शनिवारी अर्ध्या तासात आम्ही दोन शिंजीर, बुलबुलांची एक जोडी आणि कावळ्याचं एक घरटं मोजलं. घरटं काकांच्या बाल्कनीच्या बरोबर समोर होतं.

म्हणून नवीन झाड लावायचं असेल तर मी डोळे झाकून देशी झाडाच्या बाजूने हात वर करेन. ताम्हण लावा, बहावा लावा, करंज लावा. पण पुन्हा, जागा बघून. अरुंद फूटपाथवर वड लावला तर तो देशी आहे म्हणून भिंत सोडणार नाही. काटेसावरीचं लाकूडही मऊच असतं. झाड निवडताना त्याचं मूळ गाव बघा, पण त्याच्या मुळांना जागा किती लागते हे आधी बघा.

राहता राहिला खरा प्रश्न. फांदी का पडली?

गुलमोहराचा स्वभाव इथे समजून घ्यावा लागतो. भराभर वाढणारं झाड, लाकूड मऊ आणि ठिसूळ. फांद्या लांब आणि आडव्या. मुळं खोल जाण्यापेक्षा जमिनीच्या वरच्या थरात दूरवर पसरतात. जुन्या झाडाच्या बुंध्याशी ती भिंतीच्या पाख्यांसारखी वर आलेली दिसतात, आधाराला. म्हणजे या झाडाचा सगळा तोल आणि खाणंपिणं वरच्या फूट-दोन फूट मातीवर अवलंबून. त्या मातीत हवा आणि पाणी गेलं नाही तर मुळं गुदमरतात. मुळं गेली की वरच्या फांद्या सुकायला लागतात, आणि धरूनही काही राहत नाही.

मी चहाचा कप खाली ठेवून बुंध्याकडे बघितलं. बुंध्याला अगदी चिकटून, चारही बाजूंनी, लाल-करडे पेव्हर ब्लॉक. ब्लॉकखाली काँक्रीटचा थर. उत्तरेच्या बाजूला इंटरनेटच्या केबलसाठी खणलेल्या चराची बुजवलेली रेघ, बुंध्यापासून हातभर अंतरावर. इमारतीच्या बाजूच्या सगळ्या फांद्या छाटलेल्या (घरात अंधार येतो म्हणून), त्यामुळे झाडाचा सगळा भार रस्त्याच्या बाजूला. पडलेली फांदी त्याच बाजूची.

आमच्याकडे 'गिट ब्लेम' नावाची एक सोय असते. प्रोग्राममधली कुठली ओळ कुणी आणि कधी लिहिली ते ती सांगते. बग सापडला की आपण मोठ्या आवेशाने ती चालवतो, "कुठल्या गाढवाने हे लिहिलं बघू", आणि स्क्रीनवर आपलंच नाव येतं. प्रत्येक प्रोग्रामरच्या आयुष्यात हा क्षण येतो.

घरी येऊन सोसायटीच्या जुन्या ई-मेल शोधल्या. २०१६. "आवारात पेव्हर ब्लॉक बसवण्याबाबत." तीन कोटेशन मागवणारा, त्यांची तुलना करणारा, आणि "झाडाभोवतीचं आळं काढून टाकल्यास आणखी दोन पार्किंग निघतील" असं सुचवणारा मेल माझा होता. तेव्हा मी खजिनदार होतो. त्या दोन पार्किंगपैकी एक सोडतीत मला मिळालं. मी रोज गाडी लावतो ती त्या झाडाच्या मुळांवर.

म्हणजे बघा, चाळीस वर्षं उभ्या असलेल्या झाडाचा दोष काय, तर तो मादागास्करचा. आणि ज्याने त्याचा गळा आवळला तो मी, शुद्ध देशी, सदाशिव पेठेत जन्मलेला!

माझं म्हणणं एवढंच आहे. शहरातल्या जुन्या झाडाबद्दल 'देशी की विदेशी' हा प्रश्न आपण बऱ्याचदा दुसरे प्रश्न टाळण्यासाठी विचारतो. विचारायचे प्रश्न साधे आहेत. झाड निरोगी आहे का? बुंध्याशी पोकळी किंवा बुरशीची छत्री उगवली आहे का? (गुलमोहराला मुळं कुजवणारी एक बुरशी लागते. बुंध्याशी कठीण, तपकिरी छत्र्या दिसल्या तर ते लक्षण गंभीर.) त्याच्या मुळांना माती किती उरली आहे? आणि जर ते धोकादायक झालं असेल तर कशामुळे झालं, आणि ते कारण दुरुस्त होण्यासारखं आहे का? या प्रश्नांची उत्तरं 'तोडा' अशी आली, तर तोडावं. माझी लेक तिथे उभी असते, मी काही झाडासाठी तिला पणाला लावणार नाही. पण त्या निर्णयाखाली खरं कारण लिहिलेलं असावं. "पार्किंगसाठी मारलं" असं लिहायची लाज वाटते म्हणून "परदेशी होतं" असं लिहू नये.

शिवाय हे काही आपल्या मर्जीवर नाही. १९७५ च्या महाराष्ट्राच्या नागरी वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे खासगी आवारातल्या झाडालाही वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. २०२१ साली त्यात दुरुस्ती झाली. पन्नास वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला 'वारसा वृक्ष' म्हणायचं आणि झाड तोडलं तर त्याचं जेवढं वय तेवढी नवी झाडं लावायची, अशी तरतूद आली. आमच्या हिशेबाने चाळीस. चाळीस रोपं लावायला आमच्या सोसायटीत जागा कुठे आहे? सगळीकडे पेव्हर ब्लॉक! आणि दिल्लीपुरता का होईना, राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्येच आदेश दिला होता की झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढा. म्हणजे काय चुकतंय ते माहीत नव्हतं असंही नाही.

आम्ही झाडांची माहिती असलेल्या एका गृहस्थांना बोलावलं. त्यांनी बुंधा ठोकून बघितला, वर शिडी लावून चढले. बुरशी नाही. दोन फांद्या पोकळ, तीन वाळलेल्या. त्यांचा सल्ला असा होता. वाळलेल्या आणि पोकळ फांद्या परवानगी घेऊन काढा. रस्त्याच्या बाजूचा भार थोडा कमी करा, पण सरसकट बोडकं करू नका. बुंध्याभोवती निदान दोन मीटर जमीन मोकळी करा आणि तिथे गाडी लावू नका. दरवर्षी पावसाळ्याआधी पुन्हा तपासून घ्या. "आणि मुळं सावरायला दोन-तीन वर्षं लागतील, उद्या सकाळी फरक दिसणार नाही," हेही त्यांनी सांगून टाकलं. मला हे आवडलं. आमच्या धंद्यात एवढं खरं कुणी सांगत नाही.

काल दुसरी मीटिंग झाली. मी २०१६ चा माझाच मेल वाचून दाखवला. थोडा हशा झाला, थोडी शांतता. मग मी माझं पार्किंग सोडतो म्हणालो. दुसऱ्या पार्किंगवाल्यांनी अर्थातच लगेच हो म्हटलं नाही, बरीच वादावादी झाली. तळमजल्यावरचे काका शेवटपर्यंत विरोधातच राहिले आणि मी त्यांना दोष देणार नाही, काच त्यांची फुटली होती. अखेर एक वर्षाची मुदत ठरली, दोन मतांच्या फरकाने. वाळक्या फांद्या निघेपर्यंत मुलांनी मागच्या गेटाशी व्हॅनची वाट बघायची. पुढच्या मे महिन्यात पुन्हा तपासणी आणि पुन्हा मतदान.

आज सकाळी पहिले ब्लॉक उचलले. खालची माती पांढरट आणि ढेकळासारखी घट्ट होती, एक गांडूळ दिसलं नाही. दुपारी पाऊस आला. आधी त्या जागेवरून पाणी सरळ गटारात वाहून जायचं. आज ते थोडा वेळ साचलं आणि मग मुरलं. लेक आणि मी बाल्कनीतून बघत होतो.

माझी गाडी आता दोन गल्ल्या सोडून लावावी लागते. रोज सकाळी चालत जाताना जरा चिडचिड होते. पण ते असो. तुमच्याही आवारात गुलमोहर असेल, तर एकदा खाली जाऊन त्याच्या बुंध्याकडे बघून या. फुलांकडे आपण सगळेच बघतो.